तांबडे पाणी आणि तळाचे जिवाणू

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला यंदा तुम्हीच बोलावे, असा निरोप घेऊन आपल्या चिटणीसबाई घरी आल्या, तेव्हा मी त्यांना विषय सांगितला आणि त्यांचा हातातला चहा तसाच राहिला. "जिवाणूंवर? म्हणजे रोगराईवर का?" असे त्यांनी विचारले. मी म्हटले, "नाही. तळ्याच्या आणि नदीच्या तळाशी, चिखलात राहणाऱ्या आणि धातूंवर श्वास घेणाऱ्या जिवाणूंवर." त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आपल्या बायकांना त्याचे काय?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर देण्यासाठीच मी आज उभी आहे, आणि त्यासाठी मला माझीच एक चूक तुम्हांला सांगावी लागणार आहे.

आपल्यापैकी बहुतेकींना 2016 चा उन्हाळा आठवत असेल. मे महिन्यात नळाला दिवसाआड पाणी येऊ लागले, तेव्हा आमच्या वाडीने वर्गणी काढून बोअरिंग मारले. पाणी लागले, नारळ फुटला, पेढे वाटले. पाणी कसे, तर काचेसारखे स्वच्छ. पण महिन्याभरात माझ्या पांढऱ्या चादरींवर पिवळट-तांबूस डाग दिसू लागले. आमच्याकडे धुण्याला एक मावशी येत असत. सात वर्षांच्या जुन्या. मी त्यांना बोलले. त्यांनी धुणे अधिक घासले. डाग गेले नाहीत. मग मी कपडे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात घालायला सांगितले, तर डाग गडदच झाले. मावशींनी दोनदा सांगितले, "बाई, पाण्यातच काहीतरी आहे." मी ऐकले नाही. पाणी तर डोळ्यांना स्वच्छ दिसत होते! एक नवी चादर खराब झाली म्हणून मी त्यांच्या पगारातून पैसे कापले आणि पुढल्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगितले.

नव्या बाई आल्या. डाग तसेच. एके रात्री बोअरिंगच्या पाण्याने भरलेला काचेचा पेला खिडकीत तसाच राहिला, आणि सकाळी पाहते तो पेल्याच्या बुडाशी तांबड्या गाळाचा थर! मी तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकविले. ऑक्सिडीकरण आणि क्षपण हे दोन शब्द मी किती वेळा फळ्यावर लिहिले असतील, याची गणती नाही. आणि घरच्या बादलीत तेच चाललेले मला दिसले नाही. जिला दिसले, तिला मी घरी पाठविले.

आता हा तांबडा गाळ आला कोठून, ते पाहू. म्हणजे आपण जिवाणूंपाशी येऊ.

आपल्या कोकणची माती तांबडी, जांभा तांबडा. हा रंग लोखंडाच्या गंजाचा. लोखंडाशी प्राणवायूचा संयोग झाला की ते पाण्यात विरघळत नाही, मातीला चिकटून बसते. म्हणून पावसाळ्यात गढूळ तांबडे दिसणारे पाणी निवळले की स्वच्छ होते. परंतु जमिनीखाली खोलवर, किंवा तळ्याच्या तळाच्या चिखलात, प्राणवायू पोहोचत नाही. तेथे काही जिवाणू या गंजावरच आपला संसार चालवितात.

संसार कसा, ते सांगते. आपण जेवतो, त्या अन्नातून शरीर शक्ती काढून घेते. तसे करताना अन्नातून विजेचे सूक्ष्म कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, सुटतात आणि त्यांना कोठेतरी पोहोचते करावे लागते. चुलीच्या धुराला बाहेर जायला धुराडे नसले तर चूल कोंडते, तसेच हे. आपण श्वासातून प्राणवायू घेतो तो याचसाठी. अन्नातले इलेक्ट्रॉन आपण शेवटी प्राणवायूच्या पदरात टाकतो. तळाच्या चिखलात प्राणवायू नाही. मग तेथले जिवाणू ते इलेक्ट्रॉन लोखंडाच्या किंवा मँगनीजच्या गंजाला देतात. इलेक्ट्रॉन मिळाला की गंजाचे स्वरूप पालटते आणि लोखंड पाण्यात विरघळू लागते. यालाच शास्त्रात क्षपण म्हणतात. असे विरघळलेले लोखंड बोअरिंगच्या पाण्याबरोबर वर येते, तेव्हा ते डोळ्यांना दिसत नाही. बादलीत त्याला हवा लागली की पुन्हा गंज होतो आणि तळाशी, नाहीतर आपल्या चादरीवर, बसतो. ब्लीचिंग पावडरने डाग का वाढले, तेही आता लक्षात येईल. ती पावडर हवेचेच काम अधिक झपाट्याने करते.

भाताच्या खाचरात साचलेल्या पाण्यावर तेलासारखा रंगीत तवंग तुम्ही पाहिला असेल. कोणी तेल सांडले की काय, असे वाटते. त्याला काडीने ढोसून पाहा. तेल असेल तर तुटलेला तवंग पुन्हा जुळतो. हा तवंग काचेच्या पातळ पापुद्र्यासारखा फुटतो आणि फुटलेलाच राहतो. तो लोखंडाचा असतो. खाली चिखलात जिवाणूंनी विरघळविलेले लोखंड वर येऊन हवेला भेटले, त्याची ती खूण.

चिखलात असे काही चालते याची शास्त्रज्ञांना पूर्वीपासून शंका होती. पण जिवाणू घन धातूवर श्वास घेऊन वाढतात, हे पक्के ठरले ते 1980 नंतरच्या दशकात. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात ओनायडा नावाचे सरोवर आहे. त्याच्या तळाशी मँगनीज आणि लोखंडाचे गोटे सापडतात. तेथल्या गाळातून चार्ल्स मायर्स आणि केनेथ नील्सन यांनी एक जिवाणू वेगळा काढला आणि तो मँगनीजच्या गंजावर श्वास घेतो, हे 1988 साली प्रसिद्ध केले. त्याच सुमारास, 1987 साली, डेरेक लव्हली यांनी वॉशिंग्टन शहराजवळून वाहणाऱ्या पोटोमॅक नदीच्या गाळातला दुसरा एक जिवाणू जगापुढे आणला. हा गंजाचे रूपांतर मॅग्नेटाइटमध्ये, म्हणजे लोहचुंबकाला चिकटणाऱ्या काळ्या खनिजात, करीत होता. त्याचे नाव पुढे जिओबॅक्टर ठेवण्यात आले. ओनायडाच्या जिवाणूचे नाव आहे शेवानेला ओनायडेन्सिस.

शेवानेला हे नाव जेम्स शेवन या शास्त्रज्ञावरून आले. त्यांनी स्कॉटलंडमध्ये मासे का आणि कसे नासतात याचा आयुष्यभर अभ्यास केला. या कुळातला एक जिवाणू तर 1931 साली नासलेल्या लोण्यात ओळखण्यात आला होता. म्हणजे पाहा, ज्या कुळाची पहिली ओळख लोण्याच्या नासण्यातून झाली, त्याच कुळातल्या एकाकडे पुढे इतक्या मोठ्या कामाची आशा लागली!

या जिवाणूंपुढे एक मोठी अडचण असते. प्राणवायू पेशीच्या आत शिरू शकतो. गंजाचा खडा कसा शिरणार? जिवाणू इतका लहान, की एका मिलिमीटरात तीनचारशे ओळीने मावतील. तेव्हा इलेक्ट्रॉन घराबाहेर नेऊन द्यावा लागतो. आपण शेजारणीला कालवणाची वाटी देतो, तेव्हा कधी भिंतीवरून हात लांब करून देतो, कधी पोराच्या हाती पाठवितो. हे जिवाणूही दोन्ही करतात. शेवानेलाच्या बाहेरच्या आवरणात काही प्रथिने असतात. त्यांच्यात लोहाचे कण ओळीने बसविलेले असतात आणि इलेक्ट्रॉन एकावरून दुसऱ्यावर उड्या मारीत बाहेर पडतो. आपल्या रक्तातील लोहही अशाच घडणीत बसलेले असते. याखेरीज शेवानेला फ्लेविन नावाची द्रव्ये बाहेर सोडतो. दुधात असते ते ब-2 जीवनसत्त्व याच गोत्यातले. ही द्रव्ये इलेक्ट्रॉन घेऊन गंजापर्यंत जातात, तो देऊन परत येतात आणि पुन्हा नेतात. म्हणजे वाटी पोहोचविणारे पोरच म्हणा ना! हे 2008 साली दाखवून देण्यात आले.

जिओबॅक्टरची तऱ्हा निराळी. त्याच्या अंगातून आपल्या शरीराच्या कितीतरी पट लांब, केसाहून हजारो पट बारीक तंतू निघतात, आणि त्यांतून वीज वाहते, असे 2005 साली जाहीर झाले. हे तंतू कशाचे बनले आहेत याबद्दल पुष्कळ वाद झाला. 2019 साली येल विद्यापीठातील निखिल मालवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची रचना उलगडून दाखविली, तीत लोहाचे कण बसविलेल्या प्रथिनांची एकापुढे एक जोडलेली साखळी दिसली. आडनाव ऐकून तुमच्या चेहऱ्यावर आलेले हसू मला येथून दिसते आहे. मलाही ते वाचताना आले होते.

आता उपयोगाकडे वळू. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. इलेक्ट्रॉन मिळाला की लोखंड विरघळते. पण सगळेच धातू तसे नाहीत. युरेनियमचे नेमके उलट आहे. ते एरवी पाण्यात विरघळून वाहत जाते आणि इलेक्ट्रॉन मिळाले की न विरघळणारे बनून गाळात बसते. क्रोमियमचेही काहीसे तसेच. कातडी कमावण्यात आणि धातूंना मुलामा देण्यात क्रोमियम वापरतात. त्याचा एक प्रकार पाण्यात सहज मिसळणारा आणि कर्करोग उत्पन्न करणारा आहे. जिवाणूंनी त्याला इलेक्ट्रॉन दिले की तो बराच कमी विषारी आणि न विरघळणारा होतो. देणारा एकच, देणेही एकच, पण घेणाऱ्याच्या स्वभावाप्रमाणे फळ निरनिराळे.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात रायफल नावाच्या गावी, नदीकाठी, एके काळी युरेनियमचे खनिज शुद्ध करण्याचा कारखाना होता. तो गेला, पण जमिनीखालच्या पाण्यात युरेनियम राहिले. 2002 च्या उन्हाळ्यात तेथे शास्त्रज्ञांनी जमिनीत अॅसिटेट सोडले. आपल्या व्हिनेगरमध्ये जे आंबट द्रव्य असते, त्याचेच हे रूप. जिवाणू बाहेरून आणले नाहीत. तेथलेच जे जिओबॅक्टर मातीत अर्धपोटी होते, त्यांना जेवू घातले इतकेच. त्यांची संख्या वाढली आणि पन्नास दिवसांच्या आत काही विहिरींतील युरेनियम ठरविलेल्या मर्यादेखाली आले. पुढे मात्र दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनी तेच अन्न खाऊन आपला जम बसविला, जिओबॅक्टर मागे पडले आणि युरेनियम पुन्हा वाढू लागले. हेही मी मुद्दाम सांगते. पंगतीला पान वाढले की आमंत्रण नसलेलेही येऊन बसतात, आणि त्यांचा विचार यजमानाने आधी करावा लागतो.

दुसरा उपयोग विजेचा. गंजाच्या जागी कार्बनची पट्टी चिखलात पुरली, तर जिवाणू त्या पट्टीला इलेक्ट्रॉन देतात. तारेने ते वरच्या पाण्यात नेले की वीज मिळते. पोटोमॅक नदीत अशा रीतीने हवामान मोजणारे एक तरंगते यंत्र चालवून दाखविले गेले, त्याचा वृत्तांत 2008 साली प्रसिद्ध झाला. तो पहिला संच 230 किलो वजनाचा होता आणि वीज देत होता 24 मिलिवॅट. आपल्या घरातला 9 वॅटचा एक दिवा लावायचा, तर असे 375 संच लागतील! पुढचा संच 16 किलोचा झाला आणि वीज 36 मिलिवॅट मिळाली. तेव्हा वीजबिल कमी होईल या आशेने कोणी अंगणात पट्ट्या पुरू नयेत. पण जेथे माणूस जाऊन बॅटरी बदलू शकत नाही, अशा समुद्रतळावरच्या उपकरणांना ही थोडीशी वीज पुरेशी होते. सांडपाणी स्वच्छ करता करता त्यातूनच वीज काढावी, असेही प्रयत्न चालू आहेत.

पण या जिवाणूंची दुसरी बाजू सांगितली नाही, तर माझे व्याख्यान खोटे ठरेल.

बंगालमध्ये, म्हणजे आपल्या पश्चिम बंगालमध्ये आणि बांगलादेशात, पूर्वी लोक तळ्यांचे पाणी पीत. त्यातून पटकी आणि हगवण होई. म्हणून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे गावोगाव हातपंप बसविले गेले. हेतू चांगला होता आणि पाणी डोळ्यांना स्वच्छ होते. काही वर्षांनी लोकांच्या अंगावर काळे-पांढरे चट्टे उठू लागले, तळहात-तळपाय राठ होऊ लागले, पुढे कर्करोगही होऊ लागले. पाण्यात आर्सेनिक, म्हणजे सोमल, होते. पश्चिम बंगालमध्ये ही गोष्ट 1983 च्या सुमारास डॉक्टरांच्या ध्यानात आली. हिमालयातून वाहत आलेल्या गाळात लोखंडाच्या गंजाला चिकटून सोमल हजारो वर्षे स्वस्थ पडून होता. तळाच्या जिवाणूंनी गंज विरघळविला आणि सोमल पाण्यात मोकळा झाला. बंगालच्या गाळावर प्रयोग करून या कामातला धातू-क्षपण करणाऱ्या जिवाणूंचा वाटा 2004 साली दाखविण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यांतले दहा. इतके थोडे डोळ्यांना दिसणार कसे? बांगलादेशात तपासणी करून धोक्याच्या पंपांना तांबडा आणि चांगल्या पंपांना हिरवा रंग दिला गेला. हिरवा पंप घरापासून लांब असेल, तर तेथवर कळशी घेऊन कोण जाते, हे तुम्हांला सांगायला नको.

याच बांगलादेशातली आणखी एक हकीकत. शेवानेला हे नाव 1985 साली ज्या दोघांनी ठेवले, त्यांपैकी एक रीटा कोलवेल या विदुषी. पटकीच्या जंतूंवर त्यांनी फार मोठे काम केले. जुन्या सुती साडीची चार तरी पदरी घडी करून तिच्यातून पाणी गाळून घेतल्यास पटकीचे प्रमाण 48 टक्क्यांनी कमी झाले, असे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली दाखविले. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतात आणि ते किडे कापडात अडकतात. आपल्या आज्या पाणी गाळून घेत, त्याला असा आधार मिळाला. पण विरघळलेले लोह किंवा सोमल साडीतून गाळून निघत नाही, आणि उकळूनही जात नाही. कोणता उपाय कशावर चालतो, हे कळायला हवे.

आपल्या वाडीत बंगालसारखे आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. आम्ही पाणी प्रयोगशाळेत दिले, तेव्हा त्यात लोह जास्त निघाले, सोमल निघाला नाही. लोहाचे पाणी कपडे खराब करते, चहा काळा करते. त्यावर साधा उपाय आहे. पाणी उंचावरून धार धरून पिंपात ओतावे, म्हणजे हवा लागते. रात्रभर ठेवून गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे पाणी वाळूतून गाळून घ्यावे. कपड्यांवरच्या डागांना ब्लीचिंग पावडर लावू नये. लिंबू-मीठ चोळून पाहावे. परंतु पाण्यात काय आहे हे डोळ्यांनी ठरविता येत नाही. म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. आपल्या शिलकीतून दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस सभासदांच्या वाड्यांतील बोअरिंगचे आणि विहिरींचे पाणी तपासून घ्यावे, आणि आलेला निकाल मंडळाच्या फळ्यावर लावावा. खर्च फार नाही. पहिल्या वर्षाचा मी देते.

आता माझ्या मावशींविषयी. पेल्यातला गाळ पाहिल्यानंतर आठ दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. आठ दिवस लागले, कारण जायची लाज वाटत होती. कापलेले पैसे परत दिले आणि माझी चूक झाली असे म्हटले. त्यांनी मला बसायला पाट दिला, चहा दिला. मग म्हणाल्या, "बाई, पाण्यात हात माझे असतात. मला कळणार नाही तर कोणाला?" परत कामावर या म्हणण्याचे मला धैर्य झाले नाही, आणि त्यांनीही ते काढले नाही. त्यांना दुसरीकडे काम लागले होते.

चिटणीसबाईंनी विचारले होते, आपल्या बायकांना त्याचे काय. पाणी भरतो आपण, कपडे धुतो आपण, भात शिजवितो आपण. पाण्याचा रंग, वास, चव बदलली तर आधी कळते ती आपल्यालाच, आणि आपल्यापेक्षाही आधी आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बायकांना. त्या काही सांगू लागल्या, तर हातातले काम ठेवून ऐका, इतकेच मला सांगायचे आहे. फळ्यावर लिहिलेले शास्त्र मला ठाऊक होते. बादलीतले मात्र त्यांनी मला दाखविले.